छापलेल्या तक्त्यातला लाल रंग
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला ना, मग पंधरा-वीस मिनिटं कॉम्प्युटरवर बोल. एआय वगैरे." मी म्हटलं, भो, मी गेली तीस वर्षं जे करतो त्याला कोणी एआय म्हणत नाही. मी लहानमोठ्या कार्यालयांसाठी डेटाबेसचे प्रोग्रॅम लिहितो आणि त्यातून तक्ते छापून देतो. जिनिंगमध्ये कोणाचा किती कापूस आला, पतसंस्थेत कोणाचा हप्ता थकला, कोणत्या गावात किती बालकं. स्क्रीनवर आडव्या-उभ्या रेघांची जाळी, तिच्यात आकडे, आणि त्या आकड्यांना रंग. हे रंग कागदावर गेले की त्यांचं काय होतं, एवढंच मला नीट माहीत आहे, आणि तेवढ्यावरच मी बोलणार आहे. मागे भरिताची वांगी भाजायला घेतली आहेत, त्यामुळे लांबवणार नाही.

सुरुवात आपल्या शाळेतूनच करतो. दहावीच्या आधीची गोष्ट. आपले वर्गशिक्षक सहामाहीच्या निकालपत्रकाच्या बेरजा पडताळायला मला शिक्षकांच्या खोलीत बसवत. माझं अक्षर वाईट होतं, त्यामुळे लिहायला देत नसत, फक्त मोठ्याने आकडे वाचायला. निकालपत्रक म्हणजे तरी काय, जाळीच. डावीकडे हजेरी क्रमांक आणि नाव, वरती विषय, आणि पस्तीसच्या आतल्या गुणांखाली लाल रेघ. माझ्या इंग्रजीखाली ती एकदा आली होती, ती मी त्या खोलीत सगळ्यांच्या आधी पाहिली. पण सर लाल रेघ मारून थांबत नसत. त्याच आकड्याभोवती ते बॉलपेन दाबून गोल काढत. मी एकदा विचारलं, सर, लाल रेघ आहे ना, मग गोल कशाला? त्यांनी काही न बोलता खालचा कार्बन उचलून दाखवला. कार्यालयाला द्यायची प्रत खाली निघत होती, आणि कार्बनमधून सगळं निळंच उमटतं. वरची रेघ लाल आहे की काळी, ते खालच्या कागदाला कळत नाही. गोल मात्र कळतो.

सर आज समोर बसलेत. त्यांना हे आठवत नसेल. मलाही ते पुढची सतरा-अठरा वर्षं आठवलं नाही, आणि गोष्ट तिथेच आहे.

नोकरीला लागलो तेव्हा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर होते. ते करकर आवाज करणारे, दोन्ही कडांना भोकं असलेला अखंड कागद ओढणारे. आपल्यापैकी जे बँकेत होते त्यांच्या कानात तो आवाज अजून असेल. एका ओळीत ८० अक्षरं, मोठ्या प्रिंटरवर १३२. रिबन काळी. रंग हवा असेल तर तो कागदातच असायचा: काही ठिकाणी फिकट हिरव्या पट्ट्यांचा कागद मिळे, एक पट्टा पांढरा, एक हिरवा, म्हणजे १३२ अक्षरांच्या ओळीत नजर खालच्या ओळीवर घसरू नये. त्या हिरव्या पट्ट्याचा आतल्या आकड्याशी काही संबंध नसे. थकबाकीदार दाखवायचा असेल तर त्याच्या नावापुढे दोन फुल्या छापायच्या, किंवा तीच ओळ प्रिंटरकडून दोनदा ठोकून घ्यायची, म्हणजे ती ठळक दिसे. फॉक्सप्रोमध्ये आम्ही हे सगळं हाताने लिहायचो. आज हसू येतं, पण त्या काळात माझा एकही तक्ता झेरॉक्समध्ये बिघडला नाही. बिघडण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

मग रंगीत स्क्रीन आले, विंडोज आलं, मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस आलं. त्यात एक सोय होती: एखाद्या रकान्यातला आकडा अमुक मर्यादेत असेल तर त्या चौकोनाला अमुक रंग द्या, असं सांगून ठेवायचं. ॲक्सेस २००३ मध्ये अशा तीन अटी घालता येत. तीन अटींचे तीन रंग, आणि कोणतीच अट लागू नसेल तेव्हाचा चौथा. मला ते फार आवडलं. साहेबांना तर त्याहून आवडलं. कोणत्याही कार्यालयात जा, लाल-पिवळा-हिरवा तक्ता स्क्रीनवर उघडला की खुर्चीत मागे टेकलेला माणूस पुढे सरकतो. बिल लवकर पास होतं.

२००६ साली आपल्याच खानदेशातल्या एका तालुक्याच्या कार्यालयासाठी मी अंगणवाड्यांच्या वजन-नोंदींचा प्रोग्रॅम केला. तालुक्याचं नाव घेत नाही, कारण चूक त्यांची नव्हती, माझी होती. ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. अंगणवाडी सेविका दर महिन्याला मुलांची वजनं करते. त्या काळी वयाप्रमाणे जेवढं वजन अपेक्षित त्याच्या ८० टक्क्यांहून जास्त भरलं तर मूल सर्वसाधारण. ७१ ते ८० टक्के म्हणजे श्रेणी १, ६१ ते ७० श्रेणी २, ५१ ते ६० श्रेणी ३, आणि त्याहून खाली श्रेणी ४. तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीतल्या मुलाला डॉक्टरने पाहायलाच हवं. अशा मुलाला साधा जुलाबही झेपत नाही.

मी काय केलं? सर्वसाधारण हिरवं, श्रेणी १ पिवळी, श्रेणी २ नारिंगी, श्रेणी ३ आणि ४ दोन्ही लाल. चार रंग, ॲक्सेसच्या तीन अटींत बरोब्बर बसले. हिरवा आणि लाल गडद, म्हणून त्यावर पांढरी अक्षरं. मुलांची यादी नावाच्या अकारविल्हे. आणि छापताना रकाने ए-फोर कागदाच्या रुंदीत मावेनात, म्हणून मी एक रकाना काढून टाकला. कोणता? श्रेणीचा. म्हटलं रंग आहेच, मग आकडा कशाला.

माझ्याकडच्या रंगीत प्रिंटरवर छापून मी नमुना दाखवला. सगळे खूश. कार्यालयात मात्र काळा लेझर प्रिंटर होता. त्यावर एक प्रत निघायची आणि तिच्या झेरॉक्स मुख्यसेविकांना वाटल्या जायच्या.

आता थोडं गणित. सर, चुकलं तर थांबवा. कॉम्प्युटरमधला प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांच्या मापाने लिहितात, शून्य ते २५५. काळ्या प्रिंटरकडे रंग गेला की त्याचा राखाडी करावा लागतो. आपल्या डोळ्याला हिरवा प्रकाश सगळ्यात उजळ वाटतो आणि निळा सगळ्यात मंद, म्हणून साधारणपणे लालचे ३० टक्के, हिरव्याचे ५९ टक्के आणि निळ्याचे ११ टक्के धरून बेरीज करतात. माझा लाल होता पूर्ण लाल: २५५, ०, ०. त्याचा राखाडी येतो ७६. हिरवा मी भडक घेतला नव्हता, डोळ्यांना बरा वाटावा म्हणून अर्धा घेतला होता: ०, १२८, ०. त्याचा राखाडी येतो ७५.

७६ आणि ७५. दोघांत एका अंकाचा फरक, २५५ पैकी. तो फरक प्रिंटरला दाखवता येत नाही आणि माणसाला दिसत नाही. नारिंगीचा येतो १७३ च्या आसपास, पिवळ्याचा २२६. म्हणजे कागदावर झालं असं: श्रेणी १ ची मुलं फिकट, श्रेणी २ ची थोडी कमी फिकट, आणि तालुक्यातली सगळ्यात धडधाकट मुलं नि सगळ्यात खंगलेली मुलं एकाच काळपट रंगात, एकमेकांच्या शेजारी. बहुतेक ओळी काळपटच होत्या, कारण सुदैवाने बहुतेक मुलं सर्वसाधारण होती. वेगळ्या उठून दिसत होत्या त्या फिकट ओळी. ज्यांनी कागद हातात घेतला त्यांनी वेगळ्या दिसणाऱ्या ओळींवर खुणा केल्या आणि त्या मुलांची नावं तपासणीच्या यादीत घेतली. मीही तेच केलं असतं.

एक महिना हे असं चाललं.

दुसऱ्या महिन्याच्या बैठकीच्या दिवशी मी तिथे होतो. कामासाठी नव्हे, चेक घ्यायला गेलो होतो. बैठक संपली तशी एक सेविकाताई टेबलापाशी आल्या. वय पन्नाशीच्या पुढचं, खांद्यावर पिशवी, पिशवीत त्यांचं स्वतःचं रजिस्टर. त्यांनी माझ्यासमोर झेरॉक्स ठेवली, त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "भाऊ, यामा लाल कोनतं शे?"

मी पाहिलं. मलाही सांगता येईना. मी लिहिलेला प्रोग्रॅम, मी निवडलेले रंग, आणि मला माझ्याच कागदावर लाल सापडत नव्हता.

ताईंनी रजिस्टर उघडलं. त्यात एका दीड वर्षाच्या मुलीच्या नावापुढे वजन, त्यापुढे ३ हा आकडा, आणि तो आकडा चौकोनात. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की मी वजन लिहून पाठवलं, तुमच्या यादीत ते आहे, मग डॉक्टर आले तेव्हा हिचं नाव का नाही पुकारलं? तपासणीच्या दिवशी त्यांनी विचारलंही होतं, तर यादीत नाही असं उत्तर मिळालं. यादी कॉम्प्युटरची होती आणि रजिस्टर हाताचं, तेव्हा वादात कोण जिंकलं असेल ते सांगायला नको.

त्याच दुपारी ती मुलगी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली. कार्यालयातल्या लोकांनी कोणावर न ढकलता जीप काढली, हे मी विसरलेलो नाही. मुलगी वाचली. पण जी तपासणी महिन्याआधी व्हायची ती महिन्याने झाली, आणि त्या महिन्यात तिचं वजन आणखी उतरलं होतं. मी त्या रात्री जुन्या महिन्याचा डेटा काढून पुन्हा यादी केली. तिच्यासारखी आणखी नावं निघाली. ती सगळी दुसऱ्या दिवशी सकाळी मी हाताने लिहून दिली, श्रेणीच्या आकड्यासकट.

चेक मी त्या दिवशी घेतला नाही. नंतर घेतला. घर चालवायचं होतं, खोटं कशाला बोलू.

मग दुरुस्ती. श्रेणीचा रकाना परत आणला, नावाच्या अगदी शेजारी. त्यासाठी वडिलांचं पूर्ण नाव छोटं केलं. यादी अकारविल्हे ठेवली नाही: श्रेणी ४ सगळ्यात वर, मग ३, मग खाली. ओळीचा रंग काढून पाठ पांढरी ठेवली, कारण गडद पाठीवरची पांढरी अक्षरं झेरॉक्समध्ये भरून जातात, नाव वाचता येत नाही. श्रेणी ३ आणि ४ च्या आकड्याभोवती जाड चौकोन. प्रत्येक पानावर वरचे मथळे पुन्हा, खुणांचा अर्थ पुन्हा, कारण पाने सुटी होतात आणि दुसरं पान एकटंच कोणाच्या तरी पिशवीत जातं. आणि तळाशी श्रेणीवार बेरीज, म्हणजे सेविकेला आपल्या रजिस्टरशी ताळा करता यावा. रंग ठेवला तो फक्त डाव्या कडेला बारीक पट्टीएवढा. दिसला तर बरं, नाही दिसला तरी अडत नाही.

जाड चौकोन काढताना मला सरांचा गोल आठवला. तेव्हा पहिल्यांदा.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. कोणताही रिपोर्ट द्यायच्या आधी मी तो काळ्या प्रिंटरवर छापतो, त्याची झेरॉक्स काढतो, त्या झेरॉक्सची झेरॉक्स काढतो, आणि ती घरात दाखवतो. आई होती तोवर तिला दाखवायचो. तिला मोतीबिंदू होता. तिला कळलं तर सगळ्यांना कळेल. हाताखालची पोरं हसतात, म्हणतात सर, पीडीएफ पाठवा ना. हसू देत.

आणखी एक चूक सांगतो, थोडक्यात. २००८ साली आपल्या देशाने या योजनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे नवे निकष स्वीकारले. जुन्या चार श्रेणी गेल्या, त्याऐवजी सर्वसाधारण, मध्यम कमी वजन आणि तीव्र कमी वजन असे तीन गट आले. मी स्क्रीनवरचे नियम बदलले आणि रिपोर्टमधले बदलायचे विसरलो. हे कसं होतं ते लोकांना कळत नाही. त्यांना वाटतं स्क्रीनवर दिसतं तेच छापलं जातं. तसं नसतं. स्क्रीनवरची जाळी ही एक वस्तू आणि छापायचा रिपोर्ट ही दुसरी. जाळीला दिलेला रंग हा तिच्या अंगावरचा सदरा आहे, तो रिपोर्टच्या अंगावर आपोआप चढत नाही, पुन्हा घालावा लागतो. दोन ठिकाणी दोन नियम लिहिले की एक दिवस ते वेगवेगळे बोलू लागतात. म्हणून आता मी श्रेणी एकदाच, डेटाबेसच्या क्वेरीतच काढतो. ती एक सरळ किंमत असते: सर्वसाधारण, मध्यम, तीव्र. स्क्रीन आणि कागद दोघेही ती वाचतात, स्वतः काही ठरवत नाहीत. या वेळची चूक माझ्या टेबलावरच सापडली, बाहेर गेली नाही.

नव्या निकषांबरोबर अंगणवाड्यांत जे वाढीचे तक्ते आले ते मात्र मी कौतुकाने पाहिले. मुलींचा गुलाबी, मुलांचा निळा. आत हिरवा, पिवळा, नारिंगी असे वाकडे पट्टे, छापखान्यातच छापलेले. सेविका त्यावर साध्या पेनाने ठिपका देते. रंग कागदाचा, नोंद पेनाची. म्हणजे आमचा तो हिरव्या पट्ट्यांचा कागदच, फक्त इथे पट्ट्याला अर्थ आहे. दंडाचा घेर मोजायची पट्टीही तशीच. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत लाल, तिथून साडेबारापर्यंत पिवळा, पुढे हिरवा. ती मुलाच्या दंडावर असते, तिची झेरॉक्स कोणी काढत नाही. रंग जिथे आहे तिथेच वाचायचा असेल तर रंगासारखं सोपं काही नाही. आकडा न वाचता येणारी आईही तो वाचते. भानगड होते ती रंग दुसऱ्या कागदावर न्यायची वेळ आली की.

हे रेल्वेवाल्यांना आपल्या कितीतरी आधी कळलं होतं. आपण पाचोऱ्याची पोरं, गाड्यांच्या आवाजावर झोपलो आणि उठलो. जुने हाताचे सिग्नल आठवा. रात्री लाल-हिरवा दिवा, पण दिवसा सगळं काम त्या हाताच्या स्थितीवर. आडवा हात म्हणजे थांबा. धुकं असो, धूर असो, हात आडवा आहे की नाही एवढं दिसलं की पुरे. आणि एवढं असूनही गाडी चालवणाऱ्याचे डोळे ते तपासतातच. आपल्याच वर्गातला एक मित्र त्या तपासणीत अडकला. त्याला विचारूनच सांगतो. रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकातला आकडा त्याला दिसेना. बावीस वर्षांचा होईपर्यंत त्याला माहीत नव्हतं की त्याला लाल आणि हिरवा सारखेच दिसतात. शाळेच्या सहलीत पळसाची फुलं बघून आपण ओरडलो तेव्हा तो गप्प का होता, ते मला तेव्हा कळलं. हा दोष पुरुषांत बायकांपेक्षा कितीतरी जास्त असतो. म्हणजे माझा २००६ चा तक्ता त्याने रंगीत प्रिंटरवर छापून पाहिला असता तरी त्याला तो झेरॉक्ससारखाच दिसला असता. या हॉलमध्येही एखाददुसरा असेल, आणि त्याने कधी कोणाला सांगितलं नसेल.

आता सगळं मोबाइलवर आहे. सेविकांच्या हातात फोन आहे, २०२१ पासून पोषण ट्रॅकर आहे, वजन तिथल्या तिथे भरलं जातं. चांगलं आहे. पण छापणं संपलेलं नाही, कोणी काही म्हणो. बैठकीला कागद लागतो, ग्रामसभेला लागतो, फाइलला तर लागतोच. ब्राउझरमधून छापताना मागचे रंग बहुतेक वेळा आपोआप गळतात, बॅकग्राउंड ग्राफिक्स असा एक चौकोन असतो, त्यात खूण केली तरच ते छापले जातात. स्टेशन रोडवरच्या झेरॉक्सवाल्याला तो चौकोन माहीत नसतो, आणि त्याने तो का माहीत करून घ्यावा? व्हॉट्सॲपवर आलेली रंगीत यादी तिथे काळी होऊन बाहेर पडते. तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत, ग्रामपंचायतीत आहेत, सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, त्यांनी एकदा आपापली यादी त्या काळ्या कागदावर वाचून पाहावी, एवढं मात्र सांगतो.

शेवटचं. या स्मरणिकेत आपल्या बॅचची यादी छापायची आहे. संयोजकांनी ती मला एक्सेलमध्ये पाठवली. आज आलेले हिरवे. ज्यांचा पत्ता लागला नाही ते पिवळे. आणि लाल कोण, ते तुम्ही ओळखलं असेल. एकूण सहा नावं लाल आहेत. स्मरणिका काळ्या शाईत छापली जाणार आहे. हिरवे आणि लाल कागदावर सारखे दिसले असते.

काल रात्री मी ते रंग काढून टाकले. त्या सहा जणांच्या नावाआधी 'कै.' लिहिलं, आणि त्यांची नावं हजेरी क्रमांकाने जिथे होती तिथेच ठेवली, सरांनी हजेरी घेतली असती तर जशी आली असती तशी. पत्ता न लागलेल्या अकरा जणांपुढे प्रश्नचिन्ह आहे. छापायला पंधरा दिवस आहेत. यादीची प्रत दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे, सोबत पेन्सिल आहे. ज्यांना त्या अकरांपैकी कोणाचा ठावठिकाणा माहीत असेल त्यांनी जेवायला बसण्याआधी तिथे लिहून ठेवा.